काढलेलं एक्स्टेन्शन परत का येतं?

मागच्या वर्षी चतुर्थी आटोपल्यावर मयेहून एक मास्तर लॅपटॉप घेऊन डिचोलीच्या माझ्या दुकानात आले. देवळाच्या काल्याला नाटक बसवायचं होतं. संहिता जुन्या फॉण्टमधली, ती युनिकोडमध्ये हवी म्हणून त्यांनी कुठून तरी एक फुकटचा कन्व्हर्टर उतरवून घेतला होता. तेव्हापासून काहीही शोधलं की भलत्याच नावाचं सर्च पान उघडायचं आणि बातमी वाचायला घेतली की मधोमध जुगाराच्या जाहिराती. मी क्रोम उघडलं, अनोळखी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, दिसलं, काढलं, पन्नास रुपये घेतले. चार दिवसांनी मास्तर परत. पुन्हा काढलं, या वेळी पैसे घेतले नाहीत. तिसऱ्यांदा आले तेव्हा ते काही बोलले नाहीत. लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि बाकावर बसून पेपर वाचू लागले.

त्या रात्री शटर अर्धं ओढून तो लॅपटॉप नीट तपासला तेव्हा उलगडा झाला. एक्स्टेन्शन म्हणजे नुसता कोंब होता. बुडखे दोन होते. एक विंडोजच्या आत लपलेला, दुसरा मास्तरांच्या मुलीच्या म्हापशातल्या कॉम्प्युटरवर. रानमोडी वरून कापली की पावसात दुप्पट फुटते, तसंच हे. एक्स्टेन्शन काढणं दोन क्लिकचं काम आहे. ते परत कोण आणतंय हे शोधणं म्हणजे खरं काम, आणि ते आधी करायचं असतं. म्हणून खालचा क्रम मी मुद्दाम उलटा ठेवलाय. बहुतेक जण जिथून सुरुवात करतात, तिथे आपण बऱ्याच उशिरा पोचणार आहोत.

जाहिरात नक्की येते कुठून

साफसफाई होईपर्यंत त्या कॉम्प्युटरवरून बँकेचं किंवा वीजबिलाचं काहीही करू नका. मग दुखणं ओळखा, कारण 'जाहिराती येतात' या एका तक्रारीखाली तीन वेगळे रोग असतात.

पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, ब्राउझर मिटलेला असतानाही, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' अशा चौकटी सरकत येतात का? मग ते बहुधा एक्स्टेन्शन नाही, नोटिफिकेशन आहे. कुठल्या तरी साइटने 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' म्हटलं आणि तुम्ही दाबलं. माझ्याकडे 'व्हायरस आलाय' म्हणून येणाऱ्यांत अशांची संख्या मोठी आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथून साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी असलेल्या साइटची यादी दिसते. ओळखीची नसेल ती प्रत्येक साइट तीन टिंबांवर जाऊन ब्लॉक करा. नुसतं रिमूव्ह केलं तर ती पुन्हा विचारू शकते, ब्लॉक केलं तर विचारत नाही. इथेच जाहिराती थांबल्या तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागणारच नाही.

थांबल्या नाहीत तर क्रोममध्ये वर उजवीकडे तुमच्या फोटोवर क्लिक करून गेस्ट विंडो उघडा आणि तीच साइट पाहा. गेस्ट विंडोत तुमची एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. तिथे पान स्वच्छ दिसलं तर दोष एक्स्टेन्शनचा. तिथेही तीच घाण, आणि दुसऱ्या ब्राउझरमध्येही तीच, तर दोष कॉम्प्युटरमधल्या एखाद्या प्रोग्रॅमचा किंवा त्या साइटचाच. काही साइट मुळातच तशा असतात, त्यांना औषध नाही.

आधी सिंक बंद, मग प्रोग्रॅम

मास्तरांच्या घरी काय झालं होतं पाहा. त्यांच्याच गूगल खात्याने मुलगी म्हापशाला क्रोम वापरत होती. सिंक चालू असलं की एका कॉम्प्युटरवरचं एक्स्टेन्शन त्याच खात्याच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर आपोआप बसतं. म्हणून क्रोमच्या सेटिंग्जमध्ये तुमच्या नावाखाली जाऊन सिंक बंद करा. बंद करताना 'या कॉम्प्युटरवरचे बुकमार्क आणि पासवर्डही पुसायचे का' अशा अर्थाचा चौकोन दिसला तर त्यावर टिक करू नका. तेच खातं आणखी कुठे उघडं आहे हे घरात विचारून घ्या. त्या कॉम्प्युटरवरही हीच साफसफाई होईपर्यंत सिंक परत चालू करायचं नाही.

आता विंडोजची सेटिंग्ज उघडा. अ‍ॅप्स, मग इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास कधी सुरू झाला हे साधारण आठवत असेल, त्याच्या आसपासच्या दोन-तीन दिवसांत काय काय बसलं ते इथे उघडं पडतं. मास्तरांच्या यादीत कन्व्हर्टरच्या मागोमाग त्याच तारखेचे आणखी दोन प्रोग्रॅम होते, एक हवामान सांगणारा आणि एक 'पीसी वेगवान करणारा'. फुकटच्या सेटअपमध्ये नेक्स्ट नेक्स्ट दाबत गेलं की अशी वऱ्हाडी मंडळी सोबत येतात. तिन्ही अनइन्स्टॉल केले. काढताना 'खात्री आहे का, आमची खास ऑफर पाहा' वगैरे खिडक्या येतात. त्यात काढण्याचं बटण फिकट आणि ठेवण्याचं बटण ठळक असतं, तेव्हा वाचून दाबा.

प्रोग्रॅम गेला तरी त्याने नेमलेला गडी मागे राहू शकतो. स्टार्टमध्ये टास्क शेड्यूलर शोधा आणि डावीकडे टास्क शेड्यूलर लायब्ररीवर क्लिक करा. ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची ही यादी. प्रत्येक कामावर क्लिक करून खालच्या अ‍ॅक्शन्समध्ये ते कुठली फाइल चालवतं ते पाहा. गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा प्रिंटरच्या कंपनीची नावं नेहमीची. पण नावात अर्थहीन अक्षरं आणि अ‍ॅक्शनमध्ये पॉवरशेलला (विंडोजला लेखी हुकूम देणारा प्रोग्रॅम) एखादी स्क्रिप्ट चालवायला सांगितलेलं दिसलं तर कान टवकारा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये रीझनलॅब्स या सुरक्षा कंपनीने नेमकी हीच पद्धत उघड केली होती. नावाजलेल्या प्रोग्रॅमच्या नकली सेटअपमधून असं एक काम शेड्यूलरमध्ये बसायचं आणि ते क्रोम व एजमध्ये जबरदस्तीने एक्स्टेन्शन घालायचं. किमान ३ लाख वापरकर्त्यांना त्याची झळ लागली होती. संशयित काम लगेच डिलीट करू नका. उजवं क्लिक करून डिसेबल करा, चार दिवस पाहा, काही अडलं नाही तर मग डिलीट. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअपच्या यादीतही हीच छाननी करा.

'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन'

क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत अगदी तळाशी ही ओळ दिसते का? कॉलेजच्या किंवा सरकारी कचेरीच्या लॅपटॉपवर दिसली तर ठीक, तिथल्या माणसांनी काही नियम घातलेले असतात आणि तुम्ही त्यांना हात लावायचा नाही. घरच्या कॉम्प्युटरवर दिसली तर मात्र तुमची 'ऑर्गनायझेशन' कोण, हा प्रश्न पडायलाच हवा. आडवेअरवाले, म्हणजे जाहिराती घुसवणारे प्रोग्रॅम बनवणारे, कंपन्यांसाठी केलेली ही सोय वापरतात. त्यामुळे एक्स्टेन्शनपुढचं रिमूव्हचं बटणच नाहीसं होतं आणि 'तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बसवलंय' अशी ओळ दिसते. लोक इथे हात टेकतात आणि सरळ फॉरमॅट मारून घेतात. फॉरमॅट हा घरचं सामान बाहेर काढून घर पाडण्याचा उपाय आहे. त्याची गरज क्वचितच पडते.

पत्त्याच्या पट्टीत रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता, क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी असं टाइप करून एंटर दाबा. लागू असलेले नियम दिसतील. त्यात 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' असा नियम आहे का, हे बघायचं. त्याच्यासमोर ३२ अक्षरांचा एक सांकेतिक क्रमांक असतो, सगळी अक्षरं ए ते पी यांमधली. हाच त्या एक्स्टेन्शनचा आयडी. कागदावर उतरवून घ्या किंवा फोनने फोटो काढा. घरच्या कॉम्प्युटरवर काही अँटिव्हायरसही असे नियम घालतात, म्हणून तो आयडी कोणाचा हे एक्स्टेन्शनच्या पानावर जुळवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुढचं काम रजिस्ट्रीतलं, म्हणजे विंडोज आपली सगळी सेटिंग्ज जिथे नोंदवून ठेवतं तिथलं. मला विचाराल तर कधीच रजिस्ट्री उघडली नसेल तर पहिल्यांदा कोणाला तरी शेजारी बसवून करा. रजिस्ट्री एडिटर उघडा, एच-की लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असं आत जा. डावीकडच्या क्रोमवर उजवं क्लिक करून आधी एक्स्पोर्ट करा आणि ती फाइल डेस्कटॉपवर ठेवा. चूक झालीच तर तिच्यावर दोनदा क्लिक केलं की सगळं पूर्ववत. मग फोर्सलिस्टच्या फोल्डरमधली फक्त तो आयडी असलेली ओळ डिलीट करा. एच-की करंट यूजरमध्येही याच वाटेने एकदा डोकवा. एजसाठी पॉलिसीजमध्ये मायक्रोसॉफ्ट आणि त्यात एज. कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा आणि पॉलिसीचं पान पुन्हा पाहा. नियम परत उगवला असेल तर शेड्यूलरमधलं एखादं काम तुमच्या नजरेतून सुटलंय. मागे जा.

आता एक्स्टेन्शन

तीन टिंबं, एक्स्टेन्शन्स, मॅनेज एक्स्टेन्शन्स. संशयिताचं नाव दिसत असेल तर आधी डीटेल्स उघडून सोर्स वाचा. क्रोम वेब स्टोअर लिहिलं असेल तर ते दुकानातून आलं. 'अनपॅक्ड' असेल आणि पुढे एखाद्या फोल्डरचा पत्ता असेल तर ते तुमच्या डिस्कवरच्या त्या फोल्डरमधून चढवलंय. एक्स्टेन्शन काढल्यावर तो फोल्डरही डिलीट करा. मगच रिमूव्ह. काढल्याबरोबर कधी कधी 'आम्हाला का सोडलंत' असं विचारणारं पान उघडतं. त्यात ईमेलसुद्धा मागतात. मिटून टाका.

नाव ओळखता येत नसेल, आणि ते मुद्दाम 'डॉक्स' किंवा 'सिक्युरिटी' असं साळसूद ठेवलेलं असतं, तर सगळी एक्स्टेन्शन्स बंद करा. जाहिराती थांबल्या की निम्मी चालू करा. परत आल्या तर चोर त्या निम्म्यात, नाही तर उरलेल्यांत. संशयित निम्म्यांचे पुन्हा दोन भाग. अशाने १६ एक्स्टेन्शन्समधलं एक चार फेऱ्यांत सापडतं. एकेक करत बसलात तर चहा गार होतो.

एक्स्टेन्शन गेलं तरी त्याने बदललेल्या गोष्टी कधी तशाच राहतात. सेटिंग्जमधलं सर्च इंजिन पाहा, अनोळखी नावं यादीतून काढा. 'ऑन स्टार्टअप'मध्ये कुठला पत्ता भरलाय का ते पाहा. आणि एक जागा हमखास विसरतात. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, आणि टार्गेटची ओळ शेवटपर्यंत वाचा. साधारणपणे ती क्रोमच्या ईएक्सई फाइलच्या नावावर आणि अवतरणचिन्हावर संपते. त्यानंतर एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो खोडा. टास्कबारवरचा आयकॉन वेगळा असतो, तोही तपासा.

एवढं करून शंका राहिली तर दोन चाळण्या लावा. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल', त्यात 'रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन'. तिथे नको असलेली अ‍ॅप्स अडवण्याचं बटण असतं, ते चालू करा आणि मग फुल स्कॅन. दुसरी चाळणी मालवेअरबाइट्स कंपनीचं आडव्‌क्लीनर, फुकट आणि लहानसं. पण ते कंपनीच्या साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेल्या दुव्यांवरून नको. साफसफाईचं साधन शोधताना नवीन घाण घरी आणलेली माणसं मी पाहिलीत. जुन्या लेखांत क्रोममधल्याच 'क्लीन अप कॉम्प्युटर'चा उल्लेख सापडेल. ती सोय गूगलने २०२३ मध्ये काढून टाकली, शोधत बसू नका. फुल स्कॅन लांबतो, आणि जून-जुलैत आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा बॅटरी भरून घ्या.

शेवटी क्रोमची सेटिंग्ज रीसेट करता येतात. बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शन्स बंद होतात, सर्च आणि पहिलं पान मूळचं होतं. पण लक्षात घ्या, रीसेटने शेड्यूलरमधला गडी किंवा पॉलिसी जात नाही. म्हणून तो शेवटी.

फायरफॉक्स, एज आणि फोन

एजचं सगळं क्रोमसारखंच, त्याचे आतडे तेच आहेत. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए दाबलं की अ‍ॅड-ऑन्सचं पान उघडतं. फारच बिघडलं असेल तर हेल्पमधल्या ट्रबलशूटिंगच्या पानावर 'रीफ्रेश फायरफॉक्स' आहे. एक्स्टेन्शन्स जातात, बुकमार्क आणि पासवर्ड राहतात.

अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स चालतच नाहीत. तिथे जाहिराती येत असतील तर एक तर नोटिफिकेशनची परवानगी, नाही तर नुकतंच घेतलेलं एखादं टॉर्च किंवा वॉलपेपरचं अ‍ॅप.

पासवर्डचं काय

हा भाग टाळू नका. 'सगळ्या साइटवरचा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची' परवानगी असलेलं एक्स्टेन्शन तुम्ही पानावर जे टाइप करता ते वाचू शकतं. सगळी वाचतात असं नाही, बहुतेकांना जाहिरातींच्या पैशातच रस असतो. पण तुमच्याकडे खात्री करायचा मार्ग नाही. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदला. गूगल खात्याच्या सिक्युरिटीत 'युवर डिव्हायसेस' उघडून अनोळखी ठिकाणं साइन आउट करा. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, आधीच उघडी असलेली दारंही लावून घ्यावी लागतात. पैसे गेल्याचं दिसलं तर बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला तिथल्या तिथे फोन करा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

परत येऊ नये म्हणून

लोकांना वाटतं, धोका अनोळखी एक्स्टेन्शनचा. माझा अनुभव आणि या धंद्याचा इतिहास उलट सांगतो. धोका बरेचदा ओळखीच्या, चार वर्षं गुण्यागोविंदाने चाललेल्या एक्स्टेन्शनचा असतो, कारण ते विकलं जातं. २०१४ च्या जानेवारीत आपल्याच देशातले ब्लॉगर अमित अगरवाल यांनी जाहीर कबुली दिली होती. तासाभरात बनवलेलं त्यांचं एक छोटं एक्स्टेन्शन ३० हजारांवर लोक वापरत होते. कोणीतरी चार आकडी डॉलर देऊ केले, त्यांनी विकलं आणि नव्या मालकाने अपडेटमधून त्यात जाहिराती घुसवल्या. वापरणाऱ्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. 'द ग्रेट सस्पेंडर' हे २० लाखांहून अधिक लोकांचं एक्स्टेन्शन २०२० मध्ये असंच दुसऱ्याच्या हाती गेलं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने ते घातक म्हणून बंद पाडलं. विकावंही लागत नाही. २०२४ च्या नाताळात सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच कर्मचाऱ्याला खोटा ईमेल पाठवून चोरट्यांनी तिच्या एक्स्टेन्शनची विषारी आवृत्ती स्टोअरवर चढवली.

यातून व्यवहारात काय करायचं? एक्स्टेन्शनने नवीन, मोठी परवानगी मागितली तर क्रोम ते बंद करून तुम्हाला विचारतं. तेव्हा न वाचता हो म्हणू नका. पण ज्याला सुरुवातीलाच सगळ्या साइटची परवानगी दिलीय, त्याला पुन्हा विचारावंच लागत नाही. म्हणून डीटेल्समध्ये 'साइट अ‍ॅक्सेस' पाहा आणि जमेल तिथे 'ऑन क्लिक' ठेवा, म्हणजे तुम्ही त्याच्या आयकॉनवर क्लिक कराल तेव्हाच ते त्या पानाकडे बघेल.

स्टोअरमधलं नाव आणि चित्र पाहून भुलू नका. २०१७ मध्ये 'अ‍ॅडब्लॉक प्लस'च्या नावाची नक्कल असलेलं एक्स्टेन्शन खुद्द क्रोमच्या स्टोअरमध्ये होतं आणि सुमारे ३७ हजार लोकांनी ते घेतलं होतं. जाहिराती अडवायला घेतलेल्याने जाहिराती उघडल्या. नावाखाली बनवणाऱ्याचं नाव असतं, ते वाचा. मूळ कंपनीच्या साइटवरून स्टोअरच्या दुव्यावर जाणं त्याहून बरं.

आणि निम्मी एक्स्टेन्शन्स तर लागतच नाहीत. पान पीडीएफ करायचं असेल तर कंट्रोल आणि पी दाबा, डेस्टिनेशनमध्ये 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ'. पडद्याचा फोटो हवा असेल तर विंडोज, शिफ्ट आणि एस. मराठी टायपिंगसाठी कशाला एक्स्टेन्शन? २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी घ्या, तिच्या ऑप्शन्समध्ये जाऊन कीबोर्ड जोडा, विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी बदला. रोमन अक्षरं टाइप करा, देवनागरी उमटते. शाळेतली मुलं याला दहा मिनिटांत सरावतात, मास्तरांना दोन दिवस लागले.

मास्तरांचं नाटक त्या वर्षी झालं. त्यांच्या लॅपटॉपवर आता एकच एक्स्टेन्शन आहे आणि दर महिन्याला वीजबिल भरायच्या आधी ते एक्स्टेन्शनचं पान उघडून बघतात. परवा फोन आला होता. म्हणाले, "अरे, इथे अजून एकच दिसतंय, बरोबर आहे ना?"